चंद्र, मघा आणि मूर्तिजापूरचे रेखांश

"कुठी आहेस बे?"

हॉस्टेलवरच्या कोणत्याही फोनची सुरुवात याच प्रश्नानं होते. उत्तरही ठरलेलं असतं. "हा काय, मूर्तिजापूर स्टेशनवर उतरलोच." आणि गडी अजून बडनेऱ्यात चहा पीत असतो. आता मात्र 'लोकेशन पाठव' म्हटलं की ही थाप चालत नाही. मोबाईल दोन आकडे दाखवतो आणि आपण मुकाट्यानं ते खरे मानतो.

मित्रांनो, आज याच दोन आकड्यांबद्दल थोडं बोलू. समजा मोबाईल नाही, नकाशा नाही, स्टेशनवरची पिवळी पाटी नाही, रेडिओवर वेळ सांगणाराही कोणी नाही. हातात कोन मोजायचं एक यंत्र, एक छापील कोष्टक आणि डोक्यावर रात्रीचं आकाश एवढंच आहे. मग आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते सांगता येईल का?

येईल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगभरचे दर्यावर्दी हेच करत होते. त्या पद्धतीला 'चांद्र-अंतर पद्धत' म्हणू या. चंद्रापासून एखाद्या ताऱ्याचं कोनीय अंतर मोजायचं आणि त्यावरून आपलं ठिकाण काढायचं. आपण ही पद्धत समुद्रावर न जाता मूर्तिजापुरातल्या गच्चीवर करून पाहू.

अर्धं काम ध्रुव करतो

ठिकाण सांगायला दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. अक्षांश सोपे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका उंच, साधारण तितके आपले अक्षांश. मूर्तिजापुरात तो २०°४४′ च्या आसपास दिसतो. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आत फिरतो, त्याची दुरुस्ती केली की काम झालं. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलमधला थिओडोलाइट त्याला पुरतो.

रेखांशाचं तसं नाही. पृथ्वी पूर्वेकडे फिरते आहे, त्यामुळे आज रात्री आपल्याला जे आकाश दिसतं तेच थोड्या वेळानं मुंबईलाही दिसणार. नुसतं आकाशाकडे पाहून पूर्व-पश्चिम कळत नाही. कळतो तो वेळेतला फरक. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटं. म्हणून रेखांश म्हणजे दुसरं काही नाही, तर आपल्या गावची वेळ आणि ग्रिनिचची वेळ यांतला फरक.

मूर्तिजापूर ७७°२२′ पूर्व रेखांशावर आहे. हिशेब केला तर गावची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ५ तास ९ मिनिटं २८ सेकंद पुढे येते. आपली भारतीय प्रमाणवेळ मात्र ५ तास ३० मिनिटं पुढे आहे, कारण ती ८२½ अंशांच्या रेखावृत्ताची आहे. म्हणजे मनगटावरचं घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा साडेवीस मिनिटं पुढे असतं. खोटं वाटत असेल तर १५ एप्रिलच्या सुमारास गच्चीत एक काठी उभी करा. त्या दिवसांत सूर्याची वेळ आणि सरासरी वेळ जुळतात. सावली सर्वात आखूड होईल ती बाराला नाही, १२ वाजून २० मिनिटांनी.

ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. ती मूर्तिजापूरच्या वेळेहून सुमारे साडेअकरा मिनिटं पुढे. गावच्या सूर्यावर भरवसा ठेवून स्टेशनवर पोचणाऱ्याची गाडी चुकणार हे ठरलेलंच!

गावची वेळ काढणं कठीण नाही. पूर्वेला किंवा पश्चिमेला खाली असलेल्या एखाद्या ताऱ्याची उंची मोजा, अक्षांश माहीत आहेतच, गोलीय त्रिकोण सोडवला की वेळ मिळते. खरी अडचण पुढेच आहे. याच क्षणी ग्रिनिचला किती वाजले, हे इथे बसून कसं कळणार?

आकाशातला तासकाटा

ज्याला एकाच क्षणी सगळ्या गावांतून पाहता येईल असं घड्याळ हवं. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. सूर्यसिद्धान्तात देशांतर काढायला चंद्रग्रहण वापरायला सांगितलं आहे. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो क्षण सर्वांना एकच असतो. गणितानं उज्जैनच्या रेषेवरची ग्रहणाची वेळ काढायची, आपल्या गावी ते प्रत्यक्ष केव्हा लागलं ते पाहायचं, फरक म्हणजे देशांतर. मूर्तिजापूर उज्जैनच्या १.६ अंश पूर्वेला आहे. जुन्या मापात हा फरक बरोबर १६ पळांचा होतो (एक पळ २४ सेकंदांचं).

पण ग्रहणं येऊन येऊन किती येणार? वर्षातून एखाद-दोन, त्यातही ढग. चांद्र-अंतर पद्धतीनं ही वाट पाहणं संपवलं. अमावास्येच्या आसपासचे काही दिवस सोडले तर जवळजवळ रोजच ग्रहणासारखा एक 'क्षण' पकडता येतो.

आजीला विचारा, "आज चंद्र कोणत्या नक्षत्रात?" ती पंचांग पाहून सांगेल. आज पुनर्वसू, उद्या पुष्य, परवा आश्लेषा. चंद्र रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणून तर २७ नक्षत्रांची सोय झाली. हा घड्याळाचा काटाच आहे. तारे म्हणजे तबकडीवरचे आकडे, चंद्र म्हणजे काटा. तासाला तो सुमारे ३३ कला सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबापेक्षा किंचित जास्त. (६० कला म्हणजे एक अंश.)

गंमत पाहा. इंग्रजी नाविक पंचांगात चंद्राची अंतरं सूर्यापासून आणि नऊ ठरावीक ताऱ्यांपासून दिलेली असत. चंद्राच्या वाटेजवळचे ठळक तारे म्हणून ते निवडले होते. त्यांतले सात आपल्या ओळखीचे आहेत : रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा, ज्येष्ठा, श्रवण आणि पूर्वाभाद्रपदा. ज्यांनी नक्षत्रं बसवली आणि ज्यांनी जहाजं हाकली, त्यांनी आकाशात तीच माणसं गाठली म्हणायची.

गच्चीवरची तयारी

या कामाला पूर्वी जहाजावर चार जण लागत. एक जण सेक्स्टंटनं चंद्र ते तारा हे अंतर मोजणार, दुसरा चंद्राची उंची, तिसरा ताऱ्याची, चौथा घड्याळ आणि वही सांभाळणार. हॉस्टेलवर चार रिकामे जण मिळवणं काही अवघड नाही. घड्याळ भारी नसलं तरी चालतं. दहा-वीस मिनिटं एकसारखं चाललं म्हणजे पुरे.

सेक्स्टंटमध्ये दोन आरसे असतात. एक फिरवून ताऱ्याची प्रतिमा चंद्राच्या प्रकाशित कडेला अलगद टेकवायची आणि कोन वाचायचा. कडेपासून मोजलं म्हणून बिंबाची अर्धी जाडी, सुमारे साडेपंधरा कला, हिशेबात घ्यायची. एका वाचनावर विसंबायचं नाही. पाच-सहा घ्यायची आणि सरासरी काढायची.

उंची मोजायला जहाजावर समुद्राचं क्षितिज असतं. आपल्याकडे झाडं, जिनिंगचे पत्रे आणि पाण्याच्या टाक्या. जमिनीवरचे लोक त्यासाठी पारा किंवा तेल भरलेलं ताट ठेवत. तारा आणि त्याचं तेलातलं प्रतिबिंब यांतला कोन मोजून निम्मा केला की उंची. पण सेक्स्टंट साधारण १२० अंशांपर्यंतच मोजतो, म्हणून ६० अंशांवरचा तारा ताटात सापडत नाही. आपण सरळ थिओडोलाइट लावू.

आकडेमोड

चैत्रातली रात्र धरू, रामनवमीच्या एक-दोन दिवस आधीची. एप्रिलचा मध्य. घड्याळात आठला दोन मिनिटं कमी. चंद्र मिथुनेत, पश्चिमेकडे कललेला. मघेचा ठळक तारा जवळजवळ डोक्यावर. चित्रा पूर्वेला खाली. पुढचे आकडे पद्धत कळावी म्हणून घेतलेले आहेत.

चंद्राच्या मध्याची दिसणारी उंची (च) : ५५°००′
मघेची दिसणारी उंची (त) : ७५°००′
दोघांमधलं दिसणारं अंतर (द) : ४८°३०′
चित्रेच्या उंचीवरून काढलेली गावची वेळ : १९ तास ३८ मिनिटं १९ सेकंद

आता हे ४८°३०′ थेट कोष्टकात शोधायचं नाही. इथेच बहुतेक जण फसतात. दोन गोष्टी आपल्याला फसवत असतात. पहिली वक्रीभवन. हवेमुळे प्रत्येक वस्तू असते त्यापेक्षा किंचित वर दिसते. दुसरी लंबन. कोष्टकं पृथ्वीच्या केंद्रातून पाहिल्यासारखी केलेली असतात, आणि आपण उभे आहोत पृष्ठभागावर. तारे इतके दूर की त्यांना काही फरक पडत नाही. चंद्र मात्र जवळचा, म्हणून तो खाली ढकलल्यासारखा दिसतो. क्षितिजावर हा फरक सुमारे ५७ कला असतो, ५५ अंश उंचीवर सुमारे ३२.७ कला.

दोन्ही दुरुस्त्या केल्यावर चंद्राची खरी उंची (च′) ५५°३२.०′ आणि मघेची (त′) ७४°५९.७′ येते. आता खरं अंतर (ख) असं काढायचं :

कोज्या ख = [(कोज्या द − ज्या च × ज्या त) × (कोज्या च′ × कोज्या त′) ÷ (कोज्या च × कोज्या त)] + ज्या च′ × ज्या त′

सूत्र पाहून घाबरू नका. डोक्यावरचा बिंदू, चंद्र आणि तारा असा एक गोलीय त्रिकोण आहे. उंच्या बदलल्या तरी डोक्यावरचा कोन बदलत नाही, कारण वक्रीभवन आणि लंबन वस्तूला वर-खाली हलवतात, बाजूला नाही (लंबनात नगण्य फरक पडतो). तो कोन एकदा दिसणाऱ्या उंच्यांवरून आणि एकदा खऱ्या उंच्यांवरून लिहिला आणि दोन्ही सारखे धरले, की हेच सूत्र मिळतं. कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे. त्या काळी लॉगच्या कोष्टकांवर तास-तास जाई.

उत्तर येतं ४७°५८.८′. म्हणजे दिसणाऱ्या अंतरापेक्षा ३१ कला कमी.

आता कोष्टक. आपण स्वतः केलेल्या कोष्टकात ग्रिनिचच्या १४ वाजता चंद्र-मघा अंतर ४८°१४.१′ आणि १५ वाजता ४७°४१.७′ आहे असं धरू. तासाला ३२.४ कलांनी अंतर कमी होतंय. आपलं अंतर १४ वाजताच्या अंतरापेक्षा १५.३ कलांनी कमी. त्रैराशिक मांडा. १५.३ भागिले ३२.४ गुणिले ६०, म्हणजे २८ मिनिटं २० सेकंद. ग्रिनिचला १४ वाजून २८ मिनिटं २० सेकंद झाले होते.

गावची वेळ १९:३८:१९, वजा १४:२८:२०, बाकी ५ तास ९ मिनिटं ५९ सेकंद. पंधरानं गुणलं की रेखांश ७७°२९¾′.

खरे रेखांश ७७°२२′. चूक पावणेआठ कलांची, जमिनीवर सुमारे १३ किलोमीटर. म्हणजे स्टेशनवर उभे राहून आपण बडनेऱ्याच्या वाटेवर कुठंतरी तुरीच्या वावरात उभे आहोत असं सांगितलं. हसू नका. ही चूक चंद्र-मघा अंतरात केवळ पाव कलेहून थोडी जास्त गफलत झाल्याची आहे, आणि भर समुद्रात १३ किलोमीटर म्हणजे फार चांगलं उत्तर समजलं जाई.

आता दुरुस्ती न करता ४८°३०′ च वापरलं असतं तर? ग्रिनिचची वेळ १३:३०:३३ आली असती, आणि रेखांश जवळजवळ ९२ अंश. मूर्तिजापूरचा माणूस बंगालच्या उपसागरात, पार म्यानमारच्या किनाऱ्याजवळ पाण्यात!

यातून एक नियम लक्षात ठेवा. अंतरात एका कलेची चूक म्हणजे वेळेत जवळजवळ दोन मिनिटं, म्हणजे रेखांशात अर्धा अंश, म्हणजे आपल्या अक्षांशावर ५२ किलोमीटर. सर्व्हेच्या लॅबमधला बॉक्स सेक्स्टंट एक कलेपर्यंतच वाचतो. तो घेऊन बसलात तर एका बाजूला अकोल्याच्याही पलीकडे आणि दुसऱ्या बाजूला बडनेऱ्याच्याही पलीकडे जाल. वाचन जपून घ्या असं सर का ओरडतात, ते इथे कळतं.

कोष्टक चुकलं तर?

समजा वेध अगदी नेमका घेतला, गणितही चोख केलं. पण कोष्टकातला चंद्रच चुकीच्या जागी असला तर? मग सगळी मेहनत पाण्यात. या पद्धतीचा जीव यंत्रात नाही, कोष्टकात आहे.

चंद्राची चाल फार वाकडी. सूर्य, पृथ्वी दोघंही त्याला ओढतात. जर्मनीत टोबियास मायर यानं अठराव्या शतकाच्या मध्याला चंद्राची पुरेशी बरोबर कोष्टकं केली, आणि त्यांच्या आधारावर नेव्हिल मॅस्केलिन यानं १७६७ सालापासूनचं नाविक पंचांग काढलं. त्यात दर तीन तासांची चांद्र-अंतरं छापलेली असत. हा प्रत्येक आकडा माणसांनी घरी बसून हातानं काढलेला. एकच गणित दोन गणकांना स्वतंत्रपणे द्यायचं आणि तिसऱ्यानं दोन्ही ताडून पाहायचं अशी पद्धत होती. लडलो गावची मेरी एडवर्ड्स ही त्यांतली एक नामांकित गणक. १७७० च्या सुमारास दोन गणकांनी एकमेकांची उत्तरं उतरवली. तपासणाऱ्याच्या ते लक्षात आलं आणि दोघांनाही कामावरून काढलं. आपल्याकडे असाइनमेंट रात्री बारा वाजता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते तेव्हा फार तर मार्क जातात. तिथे एका चुकीच्या आकड्यावर एखादं जहाज खडकावर गेलं असतं.

जोशुआ स्लोकम यानं १८९५ ते १८९८ या काळात एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पॅसिफिक महासागरात त्यानं चांद्र-अंतर घेतलं तर उत्तर त्याच्या अंदाजापेक्षा शेकडो मैल भलतीकडे. त्यानं वेध पुन्हा घेतला, तरी तेच. माणसाचा स्वतःवर इतका विश्वास हवा की त्यानं छापील पुस्तकावर संशय घेतला, आणि खरोखरच लॉगच्या कोष्टकात चूक सापडली. ती सुधारल्यावर उत्तर जुळलं.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही घडली, फक्त समुद्रावर नाही तर पंचांगात. गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ १५२० चा. मोठ्या सोप्या रीतींचा, म्हणून शतकानुशतकं पंचांगं त्यावरून होत. पण लहानशी चूकही वर्षानुवर्षं साठत जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातलं आकाश आणि डोळ्यांना दिसणारं आकाश यांत फरक पडू लागला होता. मुंबईत १८२६ साली कुलाब्याची वेधशाळा सुरू झाली होती. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवणं हे तिचं एक काम. तिथे काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांनी नव्या युरोपीय ग्रंथांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत तयार केली. हे पुस्तक १८६० चं. पुढे त्यावरून पटवर्धनी पंचांग निघालं. लोकमान्य टिळक केरूनानांचे विद्यार्थी. कोष्टक पूज्य म्हणून मानायचं नाही, आकाशाशी ताडून पाहायचं, हा धडा केरूनानांनी मराठी माणसाला मराठीतून दिला.

वऱ्हाडातली अडीच कला

आपल्या भागाचा संबंध याहून जवळचा आहे. भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी ७८ अंशांच्या रेखावृत्ताजवळून उत्तरेकडे सरकत वऱ्हाडातून गेली. ती सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारले. त्यांचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेलं. साखळ्या, थिओडोलाइट आणि त्रिकोण यांनी दोन टेकड्यांमधलं अंतर फार अचूक मिळत होतं. पण सगळ्या त्रिकोणांना ग्रिनिचशी बांधायला एका जागेचे रेखांश आकाशावरूनच ठरवावे लागले. ती जागा मद्रासची वेधशाळा. पुढे तारयंत्रानं वेळ जुळवून पाहिल्यावर कळलं की मद्रासचे जुने रेखांश सुमारे अडीच कलांनी जास्त धरले गेले होते. मद्रास सरकलं तसा सगळा नकाशा सरकला. मूर्तिजापूर कागदावर चार-साडेचार किलोमीटर पूर्वेला होतं, आणि गावातल्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

क्रोनोमीटर स्वस्त झाले, तारेनं आणि मग रेडिओनं वेळ मिळू लागली, तशी चांद्र-अंतराची गरज संपली. इंग्रजी नाविक पंचांगात ही कोष्टकं शेवटची छापली ती १९०६ सालासाठी. आपली प्रमाणवेळ सुरू झाली तेच हे वर्ष.

मोबाईल काय वेगळं करतो?

फारसं वेगळं काही नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दोन गोष्टी सतत सांगत असतात, आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. पहिलं म्हणजे घड्याळ, दुसरं म्हणजे पंचांग. त्या संदेशाच्या एका भागाला इंग्रजीत 'अल्मनॅक' म्हणजे पंचांगच म्हणतात! चंद्राच्या जागी उपग्रह आले, कोनाच्या जागी रेडिओलहरीला लागलेला वेळ आला. एक मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटरचा फरक.

आणि घड्याळ बंद पडलं तर? आपल्या 'नाविक' प्रणालीतला पहिला उपग्रह २०१३ साली गेला. त्यावरची तिन्ही अणुघड्याळं २०१६ पर्यंत निकामी झाली. उपग्रह जागेवर होता, बोलत होता, पण वेळ सांगता येईना म्हणून ठिकाण सांगायला निरुपयोगी ठरला. घड्याळ आणि कोष्टक, दोन्ही खरी असली तरच 'मी इथे आहे' या वाक्याला अर्थ.

मोबाईल टाकून द्या असं मी म्हणत नाही. मीही लोकेशनच पाठवतो. पण एका तरी चैत्रात, दुपारी काठीची सावली आणि रात्री चंद्र-मघा अंतर, एवढं करून पाहा. थिओडोलाइट सरांकडून रीतसर मागून घ्या, सही करून. उत्तर पन्नास किलोमीटर चुकलं तरी हरकत नाही. का चुकलं हे शोधत बसाल, ती रात्र सत्कारणी लागली समजा. मग कुणी विचारलं, "कुठी आहेस बे?" तर चंद्राकडे पाहून सांगा, "थांब, मोजून सांगतो."